ठिपके

त्या रविवारी दवाखाना बंद होता.
बर्फाच्या गोळ्यावर घालतात तो लाल रंग
हुंडेकरी मॅडमनी पाण्याच्या बाटलीत ओतला,
खुर्चीत प्लास्टरचा जबडा बसवला
आणि म्हणाल्या, अंबुजा, चादरी आणल्यास?

आणल्या होत्या. साखर पेठेतून चार,
पांढऱ्या, सेकंड मालातल्या, काठ न शिवलेल्या.
एक खुर्चीखाली, एक माझ्या स्टुलावर,
एक औषधांच्या कपाटावर,
चौथी दारात, जिथं पेशंटचं माणूस
चप्पल काढू की नको अशा विचारात उभं राहतं.

मशीन दहा मिनिटं चाललं. सक्शन लावलं नाही.
रोज किणकिणतं तसंच किणकिणलं,
हवेत काही म्हणजे काही दिसलं नाही.
मग वाकून बघितलं तर
माझ्या स्टुलाला गोवर आला होता.
कपाटावर तुरळक.
दारातल्या चादरीवर मॅडमनी भिंग धरून मोजले.
सतरा.

सतरा काय फार नाहीत, मी म्हटलं.
त्या म्हणाल्या, हे जड होते म्हणून पडले.
हलके अजून वरच आहेत.

मी वर बघितलं.
पंखा होता, आणि कोपऱ्यात जुनं जळमट.
सहा वर्षं मी त्या स्टुलावर बसतेय.

माझा बाप भद्रावती पेठेत यंत्रमागावर.
रात्री यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या,
आई म्हणायची, आज परत म्हातारे होऊन आलात.
दुपारी डबा द्यायला मी जायचे,
पत्र्याच्या भोकातून ऊन तिरकं उतरायचं
आणि त्या उन्हात कापूस नाचायचा,
मला वाटायचं किती छान.
सोमवारी त्याची छाती जास्त आवळायची.
रविवारच्या सुट्टीनं आळस चढला, आम्ही म्हणायचो.
गूळ खा, शेठ म्हणायचे.
गूळ खाल्ला त्यानं. एकतीस वर्षं.
त्याच्या हवेत कुणी लाल रंग टाकून बघितलं नाही.

आता माझ्या हातात जाड तोंडाची नळी.
दातापासून अर्ध्या बोटावर धरायची:
जवळ गेली की गाल ओढते,
लांब गेली की नुसतीच ओरडते.
मॅडमचा हात सरकला की माझा सरकला पाहिजे,
न सांगता, धोट्यासारखा.
त्याआधी अर्धा मिनिट चूळ.
जमेल तिथं रबराचा पडदा,
त्यातून एकटाच दात बाहेर डोकावतो
परीक्षेला उशिरा आलेल्या पोरासारखा.
मागच्या खिडकीत पंखा उलटा बसवलाय,
आतली हवा बोळात जाते.
पुढच्या रविवारी नळी धरून परत बघितलं:
दारात शून्य. माझ्या मांडीवर चार.
त्या चारांचं काय करायचं
ते मॅडमनाही अजून ठरवता आलेलं नाही.

नरसम्मा गुंडला विड्या वळता वळता उठून आल्या,
बोटांना तंबाखू, हिरड्यांना मिश्री.
नोरु तेरवंडि, मी म्हटलं. त्यांनी आ केला.
उठताना म्हणाल्या,
तुझी ही नळी माझी सगळी थुंकी प्याली गं,
आता मी पानाला काय लावू?

त्यांच्यानंतर वीस मिनिटं कुणाला आत घेत नाही.
बाहेर बेचाळीसचं ऊन, बाकावर चारच जागा.
आत तर कुणी नाही, एक काका तडकले,
मग कुणासाठी थांबलोय आम्ही?
हवा बसू द्या, मी म्हटलं.
हवा बसते होय? ते म्हणाले,
आणि स्वतःच खाली बसले, पायरीवर.

दारातली चादर मी घरी नेली.
तीनदा धुतली. ठिपके फिके झाले, गेले नाहीत.
बापानं मांडीवर घेऊन उलटी करून बघितली,
वीण तपासली, नखानं एक ठिपका खरवडला.
डिझाइन चुकलंय, म्हणाला.
मी सांगायला लागले, पाणी, मशीन, दार,
तो ऐकत होता, बोट ठिपक्याठिपक्यावर नेत.
अकराव्यावर त्याला ढास लागली.
चादर त्यानं हातभर लांब धरली
आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.